देवी हलली, शेत राहिलं

ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यात समुद्रकाठी सातभाया नावाची पंचायत होती, सात गावांची. त्यांतली बहुतेक गावं समुद्रानं एकेक करून गिळली. लोक मागं सरकून पुन्हा झोपडी बांधत, मागं जागा होती तोवर. अखेर राज्य सरकारनं सुमारे १२ किलोमीटरवर बागपाटिया इथं वसाहत आखली. ५७१ कुटुंबांना प्रत्येकी १० डेसिमल, म्हणजे आपले ४ गुंठे, जागा आणि घरासाठी पैसे.

२०१८ साली पंचुबाराही देवीच्या पाच मूर्तीही हलल्या. हिच्या पुजारणी दलित मच्छीमार समाजातल्या विवाहित स्त्रिया. पुरुषानं मूर्तीला शिवायचं नाही, ही जुनी रीत. पण पाषाण जड! त्या दिवशी पुरुषांचे हात लागले.

देवळाचं निभावलं. शेताचं काय? पूर, वादळ यांना मदतीचे नियम होते. दरवर्षी थोडा थोडा आत येणारा समुद्र कुठल्या रकान्यात लिहायचा? पंधराव्या वित्त आयोगानं २०२१-२६ साठी धुपीनं उठलेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपये सुचवले, ते नंतर. बागपाटियात चार गुंठ्यांत घर मावतं, भातशेती मावत नाही. तिथले कितीतरी पुरुष मजुरीला केरळात जातात.