म्हाइंभटांच्या शाळेत

कथा कशी लिहावी, हे मी कुठल्या महाविद्यालयात शिकलो नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहिल्या त्या चुकतमाकत. म्हणून नववीच्या मुलांना गोष्ट लिहायला शिकवावी असे मनात आले, तेव्हा मी गुरूच्या शोधात सातशे वर्षे मागे गेलो.

फार लांब जावे लागले नाही. आमच्याच बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी पांचाळेश्वर हे महानुभावांचे तीर्थ आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस याच पंथातल्या म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला. पंथाच्या सांकेतिक लिपीत हा ठेवा शतकानुशतके झाकलेला होता. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली, १९७८ साली निघालेली प्रत माझ्या कपाटात आहे.

त्याच परंपरेत केसोबासांनी स्वामींचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त मांडले. आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. म्हणजे सिद्धांत, गोष्ट आणि तिचा अर्थ. मी मुलांना म्हटले, “पहिला आणि तिसरा भाग हाताने झाका. मधली गोष्ट एकटी उभी राहते का, पाहा.” हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट खुशाल उभी राहिली. मुलांच्या गोष्टी मात्र कोसळल्या. बोध काढून घेतला, तर मागे काही उरेना!

दुसरा धडा म्हाइंभटांचा. ते रिद्धपूरला नागदेवाचार्यांना विचारीत. शिवाय ज्याने प्रसंग पाहिला, त्याला गाठून विचारीत. आठवणी जुळल्या नाहीत, तर सांगणाऱ्याच्या नावानिशी निरनिराळे पाठ पोथीत राहिले. एक खरा ठरवून दुसरा पुसला नाही.

वर्गातल्या एका मुलाचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात. त्याने लिहिले, ‘निघताना आईच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहू लागल्या.’ मी विचारले, “कोणी पाहिले?” तो गप्प झाला. ट्रॅक्टर पहाटे निघाला, तेव्हा तो झोपेत होता.

मग त्याने घरी विचारले. आजी म्हणाली, “रडली नाही. पिठाचा डबा कुठे ठेवलाय, तेवढं सांगून गेली.” थोरली बहीण त्यांच्याबरोबर ट्रॉलीत होती. ती म्हणाली, “रडली, पण गाव मागं पडल्यावर.” त्याने दोन्ही लिहिले, आणि खाली एक ओळ घातली: ‘मी झोपलो होतो.’

ती गोष्ट वर्गात वाचली, तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. अशा घरची मुले आमच्या बाकाबाकावर आहेत.

वाचकहो, दिवाळीचे दिवे विझता विझता यंदाही ट्रॅक्टर निघतील. परवा मुलाने मला व्हरांड्यात गाठून सांगितले, “सर, या खेपेला मी जागा राहणार आहे.”