सफर, शिकार आणि सफारी

आपल्या आष्ट्यातून, आसपासच्या गावांतून हल्ली बचत गटांच्या सहली निघतात. देवदर्शन ठरलं की कुणीतरी म्हणतंच, "एक दिवस चांदोलीलाही जाऊ, जंगल सफारी करू." तर आज या सफारीचाच इतिहास बघू. पैसे मोजून रानातली जनावरं बघायला जायचं, ही रीत कुठून आली? आणि त्यासाठी कुणाला काय सोडावं लागलं?

'सफारी' हा पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला शब्द. अर्थ साधा आहे, प्रवास. अरबीतल्या ज्या शब्दावरून तो तयार झाला, त्यावरूनच आपला 'सफर' आला. म्हणजे दोन्ही एकाच घरचे.

पण गोऱ्या लोकांनी हा शब्द उचलला आणि सफारी म्हणजे शिकारीचा दौरा झाला. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून ५०० हून जास्त जनावरं मारली. त्यांचं सामान वाहायला स्थानिक हमालांची मोठी फौज होती. आजही सफारीला गेलेले लोक एकमेकांना विचारतात, 'बिग फाइव्ह' दिसले का? म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा. ही यादीही शिकाऱ्यांचीच. पायी जाऊन मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याची अशी ही पाच जनावरं.

आपल्याकडंही शिकारीचा थाट होता. शेजारच्या कोल्हापूरचे महाराज पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. चित्त्याचे डोळे झाकून त्याला गाडीतून माळावर न्यायचं आणि कळप दिसला की डोळे मोकळे करायचे. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा ते आफ्रिकेतून मागवले गेले. २०२२ साली मध्य प्रदेशात कुनोला आफ्रिकेतले चित्ते आणले, त्याची बातमी आपण सगळ्यांनी ऐकली. पण त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेचा चित्ता कोल्हापुरात येऊन गेला होता. आपल्या देशातला चित्ता मात्र संपला. १९५२ साली सरकारनंच तसं जाहीर केलं.

मग बंदूक खाली आली. आपल्याकडं १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आफ्रिकेत केनियानं १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हमालांच्या जागी उघडी जीप आली. पहाटे आणि दुपार कलल्यावर निघायचं, कारण उन्हात जनावर सावलीला पडून असतं. गाईड मातीतला ठसा बघतो, विष्ठा बघतो, वानर किंवा हरीण घाबरून ओरडलं की तिकडं कान देतो. हे ज्ञान पुस्तकातलं नाही. रानात राहणाऱ्या, गुरं राखणाऱ्या माणसांचं आहे.

आणि इथंच खरी गोम आहे. जनावरांसाठी रान राखलं, पण पुष्कळ ठिकाणी ही माणसंच रानातून उठवली. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर हे मोठं राष्ट्रीय उद्यान १९२६ साली झालं. त्याच्या उत्तर टोकाला मकुलेके नावाचे लोक राहत होते. १९६९ साली त्यांना तिथून हाकललं, घरंसुद्धा त्यांना त्यांच्याच हातानं पेटवायला लावली. पुढं गोऱ्यांचं राज्य गेलं. मकुलेके लोकांनी दावा लावला आणि १९९८ साली जमीन परत मिळवली. पण त्यांनी तिथं नांगर घातला नाही. रान रानच ठेवलं. आता तिथं पर्यटकांसाठी निवास आहेत आणि त्यांच्या उत्पन्नात या लोकांचा वाटा आहे.

आता आपल्या वारणेच्या खोऱ्याकडं या. चांदोलीला धरण झालं. १९८५ साली अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. झोळंबी, रुंदीव, गोठणे अशी गावं तिथून उठली. त्या गावांतल्या बायकांना हिरडा, करवंद, मध यांचा हंगाम तोंडपाठ होता. पाण्याचा झरा कुठला आटत नाही हे माहीत होतं. धरणाच्या आणि अभयारण्याच्या विस्थापितांना जमिनीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली.

रान राखल्याचा उपयोग झालाच. मे २०१८ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या कॅमेऱ्यात वाघ आला, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आला. तरी तुम्ही गेलात तर वाघ दिसेलच असं धरून चालू नका. आफ्रिकेतल्या मोकळ्या गवताळ माळावर लांबचा सिंह दिसतो. आपलं रान दाट. गवा दिसेल, सांबर दिसेल, नशीब असलं तर शेकरू किंवा अस्वल. पावसाळ्यात सफारी बंद असते, चौकशी करूनच निघा.

गाईडचं काम बायकांना जमेल का, असं कुणी विचारलं तर ताडोब्याचं नाव सांगा. तिथं गावातल्या बायका गाईड म्हणून काम करतात. क्रूगरच्या शेजारी तर २०१३ पासून 'ब्लॅक माम्बा' नावाचं पथक आहे. त्यात बहुतेक बायकाच आहेत. हातात बंदूक न घेता त्या रानात गस्त घालतात, चोरट्या शिकाऱ्यांचे फास काढतात. मग चांदोलीतून उठलेल्या घरांतल्या लेकीसुनांना गाईडचं, निवासाचं, जेवण पुरवण्याचं काम आधी मिळावं, ही मागणी काही जगावेगळी नाही.

शेवटी एक आपल्या शिवारातलं. जनावर बघायला आपल्याला पैसे मोजावेच लागतात असं नाही. वाळवा-शिराळ्याच्या उसात बिबट्या पिलं घालतो. जीपमध्ये बसून बिबट्या बघणं वेगळं आणि ऊस तोडताना तो समोर येणं वेगळं. पिलं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळच असते. सगळ्यांनी मिळून मागं सरका आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

गटाची सहल चांदोलीला गेली, तर गाईडला एवढं विचारा: "इथं आधी कुठलं गाव होतं? ती माणसं आता कुठं आहेत?" जनावर दिसो न दिसो, हे उत्तर ऐकून या आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.