पोलिसाची पेन्शन : बक्षिशी की हक्क?



३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला आणि कचेरीवर तिरंगा फडकला, ही हकीकत या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मोर्चात कोण होते, कोणकोणत्या गावांहून माणसे आली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते सांगावेच. परंतु सरकारच्या बाजूने कचेऱ्यांच्या दारात जे पोलीस शिपाई उभे केले जात, त्यांच्याविषयी कोणी फारसे विचारीत नाही. तासगावात गोळी चालली नाही. सहा दिवसांनी, ९ सप्टेंबरला, ती वडूजला चालली आणि १० तारखेला इस्लामपूरला चालली. आपली माणसे पडली. ज्याच्या हातात बंदूक होती तो शिपाईही बहुतेक अशाच एखाद्या मराठी खेड्यातून आलेला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. मग त्याला पलीकडच्या बाजूस बांधून ठेवणारी दोरी कोणती होती?

पगार तर तुटपुंजाच होता. दोरी होती ती पेन्शनीची. आजचे आमचे बोलणे त्या दोरीविषयी आहे. ती कोणी वळली, कोणी सैल केली, कोणी तोडली, आणि ज्याच्या गळ्यात ती पडते त्या पोलिसाला याबद्दल बोलण्याची मुभा कितपत मिळाली, एवढाच हा इतिहास आहे.

इंग्रजांच्या राज्यात पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी. १८७१ च्या पेन्शन कायद्याने असे ठरविले की, पेन्शनीबद्दल दिवाणी न्यायालयात सरळ दाद मागता येणार नाही. आधी कलेक्टरचा दाखला पाहिजे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात परवानगी मागायची! शिवाय पेन्शनीत निघाल्यावरही माणसाने 'चांगले वर्तन' ठेवले पाहिजे, नाही तर पेन्शन बंद करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. तीस वर्षे पहारे केले, तरी म्हातारपणीची भाकरी साहेबाच्या मर्जीवर. अशी माणसे हुकूम मोडीत नाहीत. मोडली तर एकट्याची नोकरी जात नाही, बायकोमुलांच्या तोंडचा पुढचा घासही जातो.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे या प्रश्नाकडे निराळ्या नजरेने पाहतो. आमच्या मते पेन्शन हा मजुरीचाच एक भाग आहे. फरक इतकाच की तो आज न देता पुढे द्यायचा असतो. सावकाराकडे ठेव ठेवावी तशी कामगार आपल्या मजुरीतली काही रक्कम मालकाकडे ठेवतो, आणि हात थकल्यावर ती परत मागतो. ठेव परत करणाऱ्याला कोणी दाता म्हणत नाही. हा साधा हिशेब समजायला जगाला फार काळ लागला, आणि गंमत अशी की, तो समजावून देण्यात पोलिसांचाही मोठा वाटा आहे.

पहिले महायुद्ध चालू असताना, ३० ऑगस्ट १९१८ रोजी, खुद्द लंडन शहराच्या पोलिसांनी संप केला. सुमारे १२ हजार शिपाई कामावर आले नाहीत. पगारवाढ आणि संघटनेची मान्यता यांच्या जोडीला त्यांची एक मागणी अशी होती की, पोलीस मेला तर त्याच्या विधवेला पेन्शन मिळावी. युद्ध ऐन भरात होते. पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी पगार वाढविला, विधवेची पेन्शनही मान्य केली. संघटनेची मान्यता मात्र टाळली. दुसऱ्याच वर्षी, १९१९ मध्ये, संघटना मोडण्याचा कायदा आला. त्याविरुद्ध पुन्हा संप झाला तो फसला, आणि दोन हजारांहून अधिक पोलीस कायमचे घरी बसले. तथापि त्याच कायद्याने सरकारला 'पोलीस फेडरेशन' नावाचे एक अधिकृत मंडळ काढून द्यावे लागले. संप करायचा नाही, पण पगार, तास आणि पेन्शन यांविषयी सरकारपुढे बसून बोलायचे, असा तो तोडगा. तो अपुरा असेल, परंतु तोंडाला कुलूप लावण्यापेक्षा बरा.

इकडे हिंदुस्थानात त्या धड्यातला अर्धाच भाग घेतला गेला. १९२२ मध्ये पोलिसांत असंतोष पसरविणे हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला. स्वातंत्र्य आले, घटना आली. घटनेच्या ३३ व्या कलमाने सैन्य आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला. त्या आधारे १९६६ चा कायदा झाला. त्यान्वये सरकारच्या परवानगीवाचून पोलिसाला कोणत्याही कामगार संघटनेत जाता येत नाही. कायद्यात परवानगीची खिडकी आहे. केरळसारख्या राज्यात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना तिच्यातूनच उभी राहिली. महाराष्ट्रात ती खिडकी किती वेळ उघडी राहिली, ते पुढे सांगतो.

कोणी म्हणेल, पोलीस गप्प होता तर त्याचे नुकसान काय झाले? वस्तुतः त्याच्यासाठी दुसरे भांडत होते. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. महागाई भत्ता केंद्राच्या दराने मिळावा, ही त्यातली मुख्य गोष्ट. मुख्यमंत्री होते आपले वसंतदादा पाटील, १९४३ मध्ये सांगलीच्या तुरुंगातून निसटलेले क्रांतिकारक. त्यांच्याच राज्यात कारकून, शिक्षक, शिपाई रस्त्यावर आले, आणि त्यांना अडवायला उभा होता पोलीस. भत्त्याचा दर वाढला की तो पोलिसाच्या पगारातही वाढतो, आणि पगारावरच पेन्शन बसते. म्हणजे ज्यांच्यावर काठी उगारायची, त्यांच्याच लढ्याने काठीवाल्याच्या म्हातारपणाची सोय व्हायची. हा विनोद नव्हे. आपल्या समाजरचनेतली ही गाठ आहे.

आता १९८२ साल पाहा. या एका सालात तीन तारखा अशा आहेत की, त्या एकापुढे एक मांडल्या म्हणजे सारा प्रश्न उलगडतो.

पहिली तारीख १५ ऑगस्ट. त्या दिवसापासून महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम अमलात आले. कोणाला किती पेन्शन, कुटुंबाला किती, हे त्यांत कलमवार बांधले गेले. त्याच स्वातंत्र्यदिनी मुंबईच्या पोलिसांनी आपल्या मागण्यांसाठी गणवेषावर काळ्या फिती लावल्या. पगार, राहायला खोली, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक, असे ते गाऱ्हाणे होते.

दुसरी तारीख १८ ऑगस्ट. सरकारने पोलीस संघटनेची मान्यता काढून घेतली आणि तिच्या पुढाऱ्यांना पहाटे अटक केली. शिपाई रस्त्यावर उतरले. गिरणी संप जानेवारीपासून चालूच होता. गिरणी कामगारही त्यांच्यात मिसळले. जाळपोळ झाली, सैन्य बोलावावे लागले. मुख्यमंत्री होते साताऱ्याकडचे बाबासाहेब भोसले. त्या जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु बोलण्याचा दरवाजा बंद केला की खिडक्या फुटतात, हे त्या दिवशी दिसले. महाराष्ट्रातल्या पोलीस संघटनेचा अध्याय तेथे मिटला.

तिसरी तारीख १७ डिसेंबर. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींचे ते पीठ होते. केंद्र सरकारने पेन्शनीचे नवे, अधिक उदार सूत्र काढले होते, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ते लागू नव्हते. न्यायालयाने ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन ही बक्षिशी नाही, सरकारच्या लहरीवरची देणगी नाही, केलेल्या सेवेच्या बदल्यात मिळणारा तो हक्क आहे, असे त्यात स्पष्ट झाले. १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद खटल्यात याच न्यायालयाने पेन्शनीला मालमत्तेचा हक्क मानलेच होते. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर लोक अजून पाळतात तो यासाठी.

एकाच सालात पोलिसाचे तोंड बंद झाले आणि त्याची पेन्शन हक्काची ठरली. तोंड नसलेल्या माणसाचा हक्क किती दिवस टिकतो, हे पाहायला तेवीस वर्षे पुरली.

केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद केली. सैन्यदले मात्र वगळली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ ही तारीख धरली. त्या वेळी राज्याचे गृहमंत्री आपल्याच तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील होते, आणि अर्थमंत्री इस्लामपूरचे जयंत पाटील. आम्ही हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. वारे साऱ्या देशात तेच होते. सांगायचे ते इतकेच की, गृहखाते आपल्या माणसाच्या हाती असूनही पोलिसाच्या वतीने 'आम्हालाही सैन्याप्रमाणे वगळा' असे म्हणणारी मान्य संघटना राज्यात नव्हती.

जुन्या आणि नव्यात फरक काय? जुन्या रीतीत शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, तिच्यावर महागाईची वाढ, आणि मागे विधवेला कुटुंब-पेन्शन. नव्या रीतीत शिपायाच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापायचे, सरकारने आपली भर घालायची, पैसा बाजारात गुंतवायचा. निवृत्तीच्या वेळी निदान चाळीस टक्के रकमेची वर्षासने घ्यायची. समजा, तीस लाख साठले. बारा लाखांचे वर्षासन सहा टक्क्यांनी धरले तर महिना सहा हजार होतात. उरलेले अठरा लाख हाती येतात खरे, पण लाईनमधली खोली त्याच वेळी सोडायची असते, मुलीचे लग्न उभे असते. आणि त्या सहा हजारांवर महागाईची वाढ नाही.

एकाच ठाण्यात, एकाच बंदोबस्ताला उभे राहणारे दोन शिपाई. एक ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेला, दुसरा नोव्हेंबरमध्ये. ऊन तेच, गणपतीची रात्र तीच, ५८ व्या वर्षी निरोपाचा हार तोच. पुढचे म्हातारपण मात्र निराळे. नव्या भरतीसाठी नवी अट घालणे आणि निवृत्तांत भेद करणे यांत कायदा फरक करतो, हे आम्हाला कळते. परंतु न्याय कायद्यापाशी संपत नाही.

मोर्च्याच्या वेळी बंदोबस्तावरचा एखादा शिपाई हळूच जवळ येतो आणि म्हणतो, "अण्णा, आमचं बी घाला की त्या निवेदनात." हे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. १४ मार्च २०२३ रोजी राज्यातले लाखो कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले, तेव्हाही पोलिसाची जागा दोरीच्या पलीकडेच होती. २० मार्चला संप मिटला. सरकारने अभ्यास-समिती नेमली. त्याच महिन्याच्या अखेरीस, नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असता मेला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब-पेन्शन आणि उपदान देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २००४ ते मार्च २०२३ या काळाचा विचार करताना ही एक गोष्ट विसरू नका: लंडनच्या शिपायाने १९१८ मध्ये विधवेसाठी जे मिळविले, ते येथे दुसऱ्यांच्या संपामुळे पोलिसाच्या घरी पुन्हा पोहोचले. पुढे जानेवारी २००४ नव्हे, पण जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची पण नेमणूक नंतरची, त्यांना जुन्या पेन्शनीचा पर्याय मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली: २५ वर्षे सेवेला निम्मी पेन्शन, महागाईच्या वाढीसह, पण कपात चालूच.

आता एक सवाल तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असणार, आणि तो रास्त आहे. बेदाण्याच्या शेडवर दिवसभर मनुके निवडणाऱ्या बाईला कोणती पेन्शन? कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना एक हजार ठरली. तिजोरीतला पैसा या सर्वांचा. मग तो सरकारी नोकरालाच का? आमचे उत्तर असे आहे. तिजोरीवर भार आहे, हे खोटे नाही. पगार, पेन्शन आणि व्याज यांत महसुलाचा मोठा हिस्सा जातो. परंतु शेजाऱ्याचे छप्पर काढल्याने आपले घर गळायचे थांबत नाही. उलट, सरकार हा देशातला सर्वांत मोठा मालक. त्यानेच म्हातारपणाची जबाबदारी झटकली, तर शेडचा मालक ती कशाला घेईल? वरची पायरी टिकली तरच खालच्याला चढायला काही उरते. म्हणून सरकारी नोकराने आपली पेन्शन मागताना बेदाण्याच्या बाईची मागणीही त्याच कागदावर लिहिली पाहिजे. ती न लिहिणारी संघटना आमच्या मते अर्धीच संघटना.

पोलिसापुरते आमचे मागणे लहान आहे. त्याला संपाचा हक्क द्या, असे आम्ही म्हणत नाही. समाजाला ते परवडणारे नाही. पण १९६६ च्या कायद्यातली परवानगीची खिडकी उघडा. पगार, तास, घर आणि पेन्शन यांविषयी शिपायाने निवडलेल्या माणसांनी सरकारपुढे बसून बोलावे, अशी कायम व्यवस्था करा. जो दुसऱ्याच्या हक्काचे रक्षण करायला नेमला, त्याला स्वतःचा हक्क कुजबुजत सांगावा लागू नये.

आणि तोवर आपण नागरिकांनी एक करावे. पुढच्या वेळी मोर्चा निघेल, निवेदन लिहिले जाईल, तेव्हा बंदोबस्तावरच्या शिपायाचा कलमही त्यात घालावा. बेचाळीस साली तो पलीकडे होता, कारण त्याची भाकरी परक्याच्या मर्जीवर होती. आज राज्य आपले आहे. ती भाकरी हक्काची करणे आपल्याच हाती आहे.