ध्वनीची कात्री

आवाज कापता येतो आणि पुन्हा जोडता येतो, ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या पिढीला स्वप्नातही खरी वाटली नसती. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा कर्ण्यासमोर गाणाऱ्याला सुमारे तीन मिनिटांत सारे आटोपावे लागे. चूक झाली की ती तबकडी बाद. पुन्हा पहिल्यापासून गायचे! कात्री तेव्हाही होती, पण ती गवयाच्या मनात होती. आलाप किती, ताना किती, हे तोच ठरवून येई.

अशा तबकड्या ऐकूनच आपल्या बेळगाव भागातला एक मुलगा मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करू लागला. १९२४ साली सुळेभावीत जन्मलेले, घरी कन्नड बोलणारे शिवपुत्र कोमकळीमठ म्हणजेच कुमार गंधर्व. हेच कुमारजी पुढे क्षयाने आजारी पडून देवासला अंथरुणाला खिळले, तेव्हा माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानी पडली आणि त्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले. एकीकडे तीन मिनिटांची घोटीव तबकडी, दुसरीकडे कुणीही न तासलेला गावचा आवाज. दोन्हींचे ऋण त्यांच्या गाण्यावर होते. वाचकहो, हे ध्यानात ठेवून पुढचा इतिहास पाहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत जगभर पसरली. फीत पात्याने तिरपी कापायची आणि चिकटपट्टीने जोडायची, हे कसब नभोवाणीच्या तंत्रज्ञांचे. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले ते याच युगात. १९६३ साली फिलिप्सने छोटी कॅसेट आणली आणि ऐंशीच्या दशकात ती खेडोपाडी पोहोचली. मच्छे, पिरनवाडी, खानापूर, कुठेही जा. सप्ताहातले कीर्तन, काकड्याची भजने, आजीच्या जात्यावरच्या ओव्या घरच्या टेपरेकॉर्डरवर भरल्या गेल्या. घरी फीत कापण्याची सोय नव्हती, म्हणून सगळेच राहिले. दोन अभंगांच्या मधली पेटीवाल्याची कुरकुर राहिली, 'मी जाऊलालो' असे म्हणत उठणारा राहिला, कन्नडमधून चहा विचारणारी शेजारीण राहिली.

मग संगणक आला आणि कात्री घरोघर पोहोचली. नव्वदच्या दशकातले 'कूल एडिट ९६' जुन्या लोकांना आठवत असेल. पैसे न भरणाऱ्याला दर खेपेला त्यातली दोनच प्रकारची हत्यारे निवडता येत. २००३ साली ते अडोबीने विकत घेतले आणि त्याचे 'ऑडिशन' झाले. २०१३ पासून त्याची नवी आवृत्ती एकरकमी विकत न मिळता वर्गणीवर मिळू लागली. २००० साली 'ऑडॅसिटी' हे फुकटचे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती आले.

मच्छेत मी हौसेने लोकांच्या कॅसेट संगणकावर उतरवून देतो, त्यामुळे ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची मते नेहमी कानी पडतात. लग्नाचे व्हिडिओ करणारे ऑडिशनचे गुण गातात, पण वर्गणीचे नाव काढताच तोंड वाकडे करतात. भजनी मंडळातली मुले ऑडॅसिटीवर खूष. त्यांचे जुने गाऱ्हाणे मात्र रास्त आहे. २०२१ पूर्वी ऑडॅसिटीत प्रकल्पाची एक फाइल आणि आवाजाच्या तुकड्यांचे वेगळे फोल्डर असे. नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेली की हाती नकाशा येई, गाव मागेच राही! त्या वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सारे एकाच फाइलीत आले. त्याच साली मालकी म्यूज ग्रुपकडे गेली, आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून जगभर ओरड झाली.

किंमत, सोय, मालकी यांवर सगळे बोलतात. 'खरखर काढून टाका' हे मात्र प्रत्येक जण गृहीत धरतो. माझे म्हणणे इथेच आहे. खरखर काढणारे हत्यार कसे चालते? नुसत्या खरखरीचा एक तुकडा आपण त्याला दाखवायचा. मग त्यासारखा जो एकसुरी आवाज सापडेल, तो ते सगळीकडून दाबत जाते. त्या तुकड्यात तंबोरा वाजत असेल, तर तंबोराही खरखर ठरतो. आजीच्या ओवीखालची जात्याची घरघरही खरखरच ठरते. पण ओवीचा ताल त्या घरघरीवरच उभा असतो! राहिले दोन अभंगांच्या मधले बोलणे. ते तर आपण स्वतःच फालतू म्हणून उडवतो. आपली मराठी-कन्नड मिसळलेली बोली पुस्तकांत फारशी सापडत नाही. उद्या कुणी तिचा शोध घेतला, तर ती या मधल्या जागांतच सापडेल.

म्हणून माझ्याकडे कॅसेट घेऊन येणाऱ्याला मी एकच सांगतो. आधी सगळी कॅसेट जशीच्या तशी, वेव्ह स्वरूपात उतरवून घ्या. एका तासाला साधारण ६३५ एमबी लागतात; आजच्या काळात ही जागा काहीच नाही. ती प्रत दोन ठिकाणी ठेवा. कोण गाते, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे लिहून ठेवा. मग दुसऱ्या प्रतीवर हवी तेवढी कात्री चालवा आणि आवडीने ऐका. सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, त्यात भांडण नाही. कॅसेटच्या फितीला मात्र बुरशी लागते, ती एकमेकींना चिकटते. यंदा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरचा तो डबा भंगारात घालण्याआधी एकदा उघडून पाहा, एवढीच विनंती.