जातीच्या दाखल्याचा फोटो ग्रुपवर नको

आमच्या करकंबला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा म्हणून आधार, पासबुक, जातीचा दाखला यांचे फोटो सर्रास व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. पुण्यात खोली शोधणाऱ्या पोराची जात घरमालकाला आधीच कळली तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ च्या विधेयकात जात आणि धर्मश्रद्धा ‘संवेदनशील’ माहितीत होती. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच उरला नाही. ही पळवाट आम्हाला खटकते. तोवर कागद संबंधित माणसालाच द्या. चालेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार वापरा. सेवा केंद्रातल्या संगणकावरची आपली फाईल समोर उभे राहून पुसून घ्या. खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३०.