जुन्या घराचे वायरिंग केव्हा बदलावे?

गोव्यातील बहुतेक गावांत वीज १९६१ नंतर पोहोचली. लाकडी पट्ट्यांवरून फिरवलेले तेव्हाचे वायरिंग काही कौलारू घरांत अद्याप चालू आहे. केवळ वय पाहून ते मोडीत काढणे योग्य नव्हे. तांब्याची तार सहसा टिकते, जीर्ण होते ते तिच्यावरील रबराचे आवरण. उष्णतेने ते कडक होते आणि तार वाकवताच त्याचा भुगा पडतो. असे आढळल्यास दुरुस्तीचा विचारच सोडावा, कारण जोड देताना तार हलली की उरलेले आवरणही तडकते.

आवरण वरकरणी धड दिसत असेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडून मेगर चाचणी करून घ्यावी. मुख्य स्विच बंद करून, उपकरणे काढून, ५०० व्होल्टवर मोजलेला आवरणाचा रोध १ मेगओहमपेक्षा कमी भरल्यास वायरिंग सदोष समजावे. चाचणी ऐन पावसाळ्यात केलेली बरी. उन्हाळ्यातील कोरड्या भिंती दोष झाकतात.

अर्थिंगची तारच नसेल, तर तेथे गिझर वा धुलाईयंत्र जोडू नये. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी प्राण वाचवू शकतो, मात्र तो अर्थिंगला पर्याय नव्हे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे तर सर्वांत घातक: मग फ्यूज वितळत नाही, तापते ती पट्टीवरची तार.