बारा वर्षांचा पेशवा

मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन वाईला गेलो होतो. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं आणि तसेच पुढे मेणवलीला, नाना फडणिसांच्या घाटावर गेलो. तिथली १७०७ साल कोरलेली मोठी घंटा बऱ्याच जणांनी पाहिली असेल. वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक, असं सांगतात. भाच्यानं विचारलं, "मामा, चिमाजीअप्पा म्हणजे पेशवा ना?" मी सवयीनं म्हणालो, "नाही रे, पेशव्याचा भाऊ." आणि जीभ चावली. पेशवा झालेला एक चिमाजीअप्पाही होता की! वसईच्या चिमाजीअप्पांच्या भावाचा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचा नातू. वय वर्षं बारा. माझ्या भाच्याएवढंच.

शाळेच्या पुस्तकात सवाई माधवरावानंतर थेट दुसरा बाजीराव येतो. मधलं एक वर्ष आपण गाळूनच टाकतो. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले. मूलबाळ नाही. वारस उरले ते राघोबादादांचे मुलगे, नानांच्या कैदेत शिवनेरीवर ठेवलेले. थोरला बाजीराव, धाकटा चिमाजी. चिमाजीचा जन्म वडील वारल्यावरचा, १७८४ चा. म्हणजे जन्मल्यापासून त्यानं पहाऱ्याशिवाय फारसं काही पाहिलेलंच नाही.

बाजीरावानं दौलतराव शिंद्यांशी संधान बांधलं. ते कळताच नानांनी परशुरामभाऊ पटवर्धनांना पाठवून त्याला आपल्याच बाजूला वळवलं. शिंद्यांचे कारभारी बाळोबातात्या यावर भडकले आणि फौज घेऊन पुण्यावर आले. नाना पुणं सोडून साताऱ्याकडे निघाले. आता बाळोबांनी नवी शक्कल काढली. बाजीराव नको, चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यायचं. भाऊंनी नानांचा सल्ला घेतला आणि रुकार दिला.

आता नातं बघा. चिमाजी हा सवाई माधवरावांचा चुलता लागत होता. म्हणजे चुलता पुतण्याचा मुलगा झाला! पण छावणी दारात असताना शास्त्र सापडतं.

साताऱ्याला छत्रपती दुसरे शाहू. स्वतः किल्ल्यावर अडकलेले, हातात सत्ता काही नाही. तरीही पेशवाईची वस्त्रं त्यांच्याकडूनच यावी लागत. नानांनी ती मिळवून पुण्याला पाठवली, स्वतः मात्र वाईतच थांबले. २६ मे १७९६ रोजी चिमाजी पेशवा झाला.

ग्रँट डफ, जो पुढे साताऱ्यातच रेसिडेंट होता, लिहितो की या मुलानं आधी साफ नकार दिला होता. भावाचा हक्क मी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी धमकावून त्याला तयार केलं. एवढ्या सगळ्या मुत्सद्द्यांमध्ये सरळ बोलणारा हा एकटाच, आणि नेमका त्याचाच शब्द कुणी धरला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. भाऊंचा मुलगा हरिपंत बोलणी करायला म्हणून वाईकडे निघाला तो हजारो स्वार घेऊन. नाना उमगले आणि घाट उतरून महाडला गेले. तिथं बसून त्यांनी शिंदे, होळकर, निजाम, भोसले सगळे फिरवले. शिंद्यांना तर भाऊंची जहागीरच देऊ केली. ऑक्टोबरअखेर बाळोबा कैद झाले. भाऊ चिमाजीला घेऊन जुन्नरकडे पळाले आणि तिथं सापडले. डिसेंबरात बाजीराव गादीवर आला. चिमाजीची पेशवाई जेमतेम सहा महिन्यांची.

रोममध्ये असंच झालं होतं. सेनापती ओरेस्टीसनं ४७५ साली आपल्या अल्पवयीन मुलाला, रोम्युलसला, पश्चिमेचा सम्राट केलं. दहा महिन्यांत ओडोएकरनं त्याला उतरवलं, पण वय बघून जीव घेतला नाही. तनखा बांधून घरी पाठवलं. आपल्याकडेही चिमाजीचा जीव वाचला, पण वर प्रायश्चित्त द्यावं लागलं! शास्त्र्यांनी दत्तक बेकायदा ठरवलं आणि ज्या गोष्टीला तो नाही म्हणत होता तिचं पाप त्याच्याच माथी मारलं.

मोठ्यांचं काय झालं? परशुरामभाऊ कैदेत होते. १७९८ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी उठाव केला, तेव्हा तो मोडायला भाऊंनाच सोडवून आणलं. ज्यांच्या वस्त्रांवर त्यांनी पेशवा बसवला होता, त्यांनाच पुन्हा बंदोबस्तात ठेवायला. पुढच्याच वर्षी पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. खर्ड्याला मराठी फौजांचं नेतृत्व केलेला माणूस. वाईट माणूस म्हणवत नाही. तासगावचा सातमजली गोपुराचा गणपती त्यांनीच बांधला. आम्हा सांगलीकरांना तो आधी आठवतो, राजकारण नंतर.

चिमाजी १८१८ नंतर काशीला राहिला. झाशीच्या राणीचे वडील मोरोपंत तांबे त्याच्याच पदरी होते. इतिहासात त्याची ओळख उरली ती एवढीच.

परतताना गाडीत भाच्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण तो नाही म्हणाला होता ना?" हो रे बाबा, म्हणाला होता.

आमच्या घरातही मुलांनी काय शिकायचं, कुठं राहायचं हे ठरवताना आम्ही मोठी माणसं तावातावानं बोलत असतो. पोर कोपऱ्यात बसून काहीतरी म्हणत असतं. त्या दिवसापासून मी जरा कान देतो. सध्या भाच्याचं म्हणणं एवढंच आहे की यंदा ऋषिपंचमीला तासगावचा रथ ओढायला न्यायचं. नेणार आहे. येताय का कुणी?